समस्या निवारण : गट किनाऱ्यावर चालतोय, बस लावायला मात्र जागा नाही

पुण्या-मुंबईहून कोकण किनाऱ्यावर चालण्याच्या सहली नेणाऱ्या लीडर मंडळींसाठी हे लिहितो आहे. थंडीच्या मोसमात माझे चाळीसेक जणांचे गट रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असतात. गाव कोणतंही असो, गाडी लावण्याचं दुखणं सगळीकडे तेच. वाट कुठून न्यायची, नाश्ता कुठे, औषधांची पेटी कोणाकडे, यावर आपण महिनाभर डोकं लावतो. बारा मीटरची गाडी चार तास कुठे उभी राहणार, हे मात्र ड्रायव्हरवर सोडून देतो. पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी ओळखीची वाटली, तरी पुढचं वाचा.

- गट उतरून चालू लागतो आणि अर्ध्या तासात ड्रायव्हरचा फोन येतो : "साहेब, इथे थांबू देत नाहीत. कुठे जाऊ?"
- गाडी वाडीतल्या रस्त्यात शिरते, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंती, आणि नेमकी समोरून एसटी येते. मागे रिक्षा आणि दुचाक्या अडकतात.
- किनाऱ्यापर्यंत गाडी पोचते, पण तिथे वळायला जागा नसते. मग अर्धा किलोमीटर रिव्हर्स.
- चालणं संपवून गट ठरल्या जागी उन्हात उभा, गाडी भलतीकडे, आणि कोणाच्याच फोनला रेंज नाही.
- मागची चाकं वाळूत किंवा पावसाने मऊ झालेल्या साईडपट्टीत रुततात.
- जेटीच्या उतारावर गाडीची शेपटी घासते.
- ड्रायव्हर दिवसभर जागा शोधत फिरतो, त्याची झोप होत नाही, आणि संध्याकाळी त्याच माणसाला घाट चढायचा असतो.

शेवटचं लक्षण बाहेरून दिसत नाही, म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही. मी ते सर्वांत गंभीर मानतो. घासलेला बंपर गॅरेजात नीट होतो, पण पेंगत्या ड्रायव्हरच्या हाती पंचेचाळीस माणसं देऊन कुंभार्ली किंवा ताम्हिणी चढणं हा थेट जिवाशी खेळ आहे.

मूळ कुठे आहे

किनाऱ्यावरच्या गावाची ठेवण डोळ्यांसमोर आणा. समुद्र, मग पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग सुरूच्या झाडांचं किंवा केवड्याचं बन, मग नारळी-पोफळीची आगरं म्हणजे बागा, आगरांच्या कडेने घरं आणि त्यांच्यामधून जाणारा एकच रस्ता. घरांच्या मागे डोंगराचा उतार आणि उताराच्या वर सडा, म्हणजे कातळाचं मोकळं पठार. गुहागरचा खालचा पाट असो की दिवेआगर, केळशी, आंजर्ले, थोड्याफार फरकाने हीच रचना. तो एकच रस्ता बैलगाडीच्या काळात आखलेला. पुढे डांबर पडलं, पण दोन्ही बाजूंचे गडगे जागचे हलले नाहीत, आणि लोकांनी ते हलवावेत अशी अपेक्षा आपण करूही नये. त्या गडग्याच्या आत त्यांची पोफळ आहे, विहीर आहे, देव आहे.

मोकळी, टणक, गाडीला पुरेल अशी जागा असते ती वर, सड्यावर. आणि आपली माणसं तर चालायलाच आली आहेत. माणसं जिथे जातील तिथे गाडीही गेलीच पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्मी समस्या घरबसल्या सुटते. राहिलेल्या निम्म्यासाठी खालच्या तपासण्या. आधी फुकटच्या आणि सोप्या, मग खर्चाच्या आणि अवघड. क्रम मोडू नका, कारण वरची तपासणी केली की खालच्या पुष्कळदा कराव्याच लागत नाहीत.

१. तारीख, तिथी आणि भरती

पैसे लागत नाहीत, कॅलेंडर लागतं. गणपतीपुळ्याला अंगारकीला जाऊन गाडीला जागा मिळत नाही म्हणण्यात अर्थ नाही. नाताळ ते एक जानेवारीचा आठवडा, माघी गणेशोत्सव, जोडून आलेल्या सुट्ट्या, हे दिवस मोठ्या गाडीसाठी सरळ वगळा. शिमग्यात गावोगावी पालखी रस्त्यावर असते. त्या दिवसांत गावच्या रस्त्यावर पहिला मान पालखीचा असतो, तेव्हा त्या गावात बस नेऊच नये. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की तो रस्ता बर्फाच्या आणि मासळीच्या गाड्यांचा होतो. तिथे तुमची बस म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय.

भरतीचा आणि पार्किंगचा संबंध मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतो. हरिहरेश्वरचं उदाहरण घ्या. तिथली प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांमधल्या पायऱ्यांनी उतरून खडकांवरून जाते आणि ती ओहोटीलाच करता येते. भरतीला तिथे लाटा थेट कड्यावर आदळतात, माणसं ओढली गेली आहेत. म्हणजे त्या दिवशी आलेली प्रत्येक गाडी त्याच दोन-तीन तासांत देवळापाशी जागा शोधणार. तुम्ही ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचलात, गट उतरवलात, दर्शन-चहा उरकलात आणि पाणी पुरतं मागे हटल्यावर स्थानिकांना विचारून वाटेला लागलात, तर गाडीला जागा आधीच मिळालेली असते. नेमक्या ओहोटीच्या वेळी पोचणाऱ्याला रांगच मिळते.

किनाऱ्यावरची जुनी रीत सगळ्यांना पाठ असावी : तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास भरती, आणि तीही उधाणाची. त्या दिवशी दुपारचं किनाऱ्याने चालणं ठरवलं असेल तर पुळण शिल्लकच नसेल, गट वर रस्त्यावर येईल आणि गाडी लवकर मागेल. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच, पण सहलीचा दिवस निवडताना ही रीत पुरते.

२. गावात फोन, पण प्रश्न बरोबर विचारा

घरगुती खानावळवाल्या काकांना किंवा राहण्याची सोय करणाऱ्या वहिनींना "मोठी गाडी येते का हो?" असं विचारलं, तर उत्तर एकच : "येते की! काही काळजी करू नका." ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या दृष्टीने मोठी गाडी म्हणजे सात आसनी. शिवाय गिऱ्हाईक जाऊ नये असंही वाटतंच.

त्याऐवजी हे विचारा : एसटी कुठवर येते? कुठे वळते? मागच्या महिन्यात पन्नास सीटची गाडी आली होती का, आणि ती रात्री कुठे उभी होती? रस्त्यावर सध्या पाइपलाइनची चर खणली आहे का? लग्नाचा मांडव पडलाय का?

एसटीचा प्रश्न सर्वांत कामाचा. जिथे वस्तीची लाल गाडी रोज वळते, तिथे तुमची गाडी वळण्याची शक्यता चांगली असते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साध्या एसटीचं पोट उंच असतं, तर आपण नेतो त्या आरामगाड्यांचं खाली असतं आणि मागच्या चाकांपलीकडची शेपटी लांब असते. त्यामुळे एसटी जाते त्या चढावर आरामगाडी घासू शकते. दुसरं, एसटी जिथे वळते तिथे गाडी लावायची नसते. स्थानकाच्या २०० मीटर परिसरात खासगी प्रवासी वाहनांना मनाई आहे. तिथे वळा आणि पुढे निघा.

दुसरा फोन ग्रामपंचायतीत. पर्यटन असलेल्या बऱ्याच गावांत पंचायतीचं पार्किंग ठरलेलं असतं, पावती फाडली जाते. पावती घेतली की तुम्ही गावचे पाहुणे होता आणि कोणी दांडगाई केली तर बोलायला माणूस मिळतो. पंचायतीच्या शिपायाला ज्या जागा माहीत असतात, त्या कुठल्याच नकाशात सापडत नाहीत.

३. वरून काढलेला नकाशा

मोबाईलवरच्या उपग्रह नकाशात गाव उघडा आणि किनारा बघायच्या आधी सडा बघा. तांबूस-करडा मोकळा पट्टा, शाळेचं मैदान, जुन्या चिरेखाणीची सपाटी, देवळासमोरचं पटांगण. अंतर मोजायचं साधन तिथेच असतं. बारा मीटरच्या बसला एका दमात वळायला साधारण २४ मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. तेवढं नसेल तर पुढे-मागे करून वळावं लागेल आणि त्याला मागे उभा राहून इशारा करणारा माणूस लागेल. रस्त्याची रुंदीही मोजा. गाडी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद, आरसे धरून तीनच्या आसपास. गावचा एकेरी रस्ता तीन ते पावणेचार मीटरचा. म्हणजे समोरून दुचाकी आली तरी कोणीतरी मातीत उतरणार.

नकाशा तीन गोष्टी लपवतो : चढ, तारा आणि काळ. उताराचा अंदाज वरून येत नाही. रस्त्यावर आडवी लोंबणारी केबलची तार दिसत नाही. आणि फोटो जुना असू शकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरची किती झाडं गेली हे तिकडे जाणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून "सावलीत गाडी लावू" हा बेत फोटोवरून करू नका.

४. उतरायची, थांबायची आणि चढायची जागा वेगवेगळी करा

माझा सगळ्यात जास्त भर या तपासणीवर आहे. आपण एकच जागा शोधत बसतो. खरं तर तीन लागतात, आणि त्या वेगवेगळ्या असल्या की प्रत्येकीची अट सैल होते. उतरायला पाच मिनिटं लागतात. तिथे रस्त्याची थोडी रुंदी आणि दोन्हीकडून येणाऱ्या गाडीला आपण दिसू एवढी सरळ लांबी पुरते. थांबायला टणक जमीन, सावली आणि ड्रायव्हरला चहापाणी-स्वच्छतागृह लागतं. मग ती जागा पाच किलोमीटर लांब असली तरी बिघडत नाही. चढायच्या जागी गटाला बसायला पार, दुकानाची पडवी किंवा देऊळ हवं, कारण तिथे वाट बघावी लागणार हे गृहीत धरायचं.

यासाठी वाट एकमार्गी आखा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती हे त्याचं उत्तम ठिकाण. देऊळ वर कड्यावर आहे, तिथवर गाडीरस्ता आहे, आणि देवळाकडून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, खाली गावात उतरते. गट वर उतरवा, दर्शन घ्या, वरून खाडी आणि सुवर्णदुर्ग नीट दाखवा, मग पाखाडीने गावात आणि तिथून पुळणीवर. गाडीला गावच्या अरुंद रस्त्यात यायची गरजच नाही. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनाही हे बरं पडतं, कारण चढ गाडीने होतो.

तसंच मालगुंड ते गणपतीपुळे. केशवसुतांच्या स्मारकापाशी गट उतरवायचा, घर बघायचं, ओहोटीला किनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे चालायचं. गाडी रिकामी पुढे जाऊन सावकाश जागा धरते. रिकाम्या गाडीचा ड्रायव्हर शांत असतो. मागून "इथेच लावा ना, काय होतंय" असा सल्ला द्यायला कोणी नसतं.

आरे-वारेबद्दल मात्र कळकळीने सांगतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना त्या चढावरून दोन्ही किनारे दिसले की सगळी गाडी ओरडते, "थांबवा, फोटो!" ते वळण आहे. वरून येणाऱ्याला तुमची बस शेवटच्या क्षणी दिसते, आणि चाळीस माणसं रस्त्यात पसरलेली असतात. तिथे बस थांबवू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. खाली सपाटीला, रुंद भाग बघून थांबा आणि फोटोसाठी माणसांना रस्त्याच्या एकाच कडेने, ओळीने वर चालत न्या.

५. ड्रायव्हरदादांशी आदल्या रात्री दहा मिनिटं

खर्च एका चहाचा. कागदावर लिहून द्या : कुठे उतरणार, कुठे थांबायचं, कुठे आणि किती वाजता चढणार, रेंज नसेल तर काय. मोबाईलवर पाठवलेलं लोकेशन रेंज गेली की उघडत नाही, कागद उघडतो. रेंज नसेल तेव्हाचा नियम आधीच ठरवा. आमचा असा आहे : ठरल्या वेळेपासून अर्धा तास दोघांनीही जागा सोडायची नाही. गट उशिरा आला तर गाडी हलत नाही, गाडी उशिरा आली तर गट हलत नाही. एकमेकांना शोधायला दोघंही निघाले की संध्याकाळ गेली.

आणि त्यांचं ऐका. "साहेब, गाडी इथून खाली नको" असं ड्रायव्हर म्हणाला की विषय संपला. गाडीची शेपटी कुठे लागेल हे त्याला पाठीमागच्या आवाजावरून कळतं, ते आपल्याला कळणार नाही. गटातल्या कोणी त्याला भरीस पाडलं तर मध्ये पडणं हे लीडरचं काम. कायद्यातही ड्रायव्हरच्या कामाचे तास दिवसाला आठ धरले आहेत. जागा शोधत फिरणं हेही कामाचेच तास, झोपेचे नाहीत. त्याच्या जेवणाची सोय गटाबरोबरच करा, डबा असेल तर आधी त्याचा बांधा.

६. उतरून पुढे चालत बघा

प्रत्यक्ष गावात पोचल्यावर, शंका असेल तर रस्ता अरुंद व्हायच्या आधी गाडी थांबवा आणि क्लीनरला घेऊन स्वतः पुढे चालत जा. दहा मिनिटं जातील. आत अडकलात तर दोन तास जातात.

काय बघायचं : वळणाच्या आतल्या बाजूला गडग्याचा कोपरा पुढे आला आहे का, बाहेरच्या बाजूला गाडीची शेपटी फिरताना विजेचा खांब तर नाही, वर आंब्या-फणसाची आडवी फांदी, घराकडे गेलेली विजेची तार, केबल. टपावर कॅरिअर आणि त्यावर सामान असेल तर हे दुप्पट काळजीने. मोरीवरचा कठडा तुटलेला आहे का. आणि सर्वांत महत्त्वाचं, शेवटी वळायची जागा आज मोकळी आहे का. काल मोकळी असलेली जागा आज होड्यांनी, वाळत घातलेल्या जाळ्यांनी किंवा भाताच्या पेंढ्यांनी भरलेली असते. जाळी बाजूला सरकवायला सांगू नका. तो त्यांचा कारखाना आहे.

फेरीबोटीने जायचं असेल, म्हणजे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा दिघी-आगरदांडा, तर जेटीवर आधी फोन करून पूर्ण लांबीची बस घेतात का आणि कोणत्या वेळी घेतात ते विचारा. पाणी खूप खाली गेलं की बोटीचा आणि जेटीचा उतार नीट जुळत नाही आणि लांब शेपटीची गाडी तिथेच घासते. माणसं उतरवूनच गाडी चढवा. वजन कमी झालं की पोट तेवढं वर राहतं.

७. जमीन तपासा

सड्यावरचा उघडा जांभा कातळ : उत्तम, निर्धास्त लावा. मुरूम टाकून दाबलेलं मैदान : चांगलं. भात कापलेला मळा : डिसेंबरनंतर मध्यभागी बरा, पण बांधाकडेला ओल टिकून असते, आणि मालकाला विचारल्याशिवाय कुठेच नाही. पाऊस पडून गेलेली लाल माती : नको.

सुरूच्या बनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिथेच रुततात. खाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा तपकिरी थर पसरलेला असतो. पायाखाली तो मऊ पण घट्ट लागतो, सावली असते, समुद्र दिसत असतो, आणि दोन चारचाक्या आधीच उभ्या असतात. त्यामुळे वाटतं की जमीन पक्की आहे. टाचेने तो थर बाजूला करा. खाली चार बोटांवर कोरडी, पांढरट, भुसभुशीत वाळू निघते. चारचाकीला तो थर पेलतो. बसचं मागचं जोडचाक पहिल्याच वळणाला तो फाडतं, मग दुसऱ्या मिनिटाला चाक फिरतं पण गाडी हलत नाही. म्हणून टाच रोवून बघा : टाच अंगठ्याच्या पेराहून जास्त आत गेली तर बस तिथे नाही. पुढे मोकळ्या पुळणीवर तर कोणतीच गाडी न्यायची नाही. तशी मनाई असते, आणि नसती तरीही नाही. वाळूत कासवांची घरटी असतात. वेळासला आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बघायला माणसं लांबून येतात, ती याच वाळूतून बाहेर पडतात.

८. गाडीच बदला

इथून खर्च सुरू होतो. गाव खरंच अरुंद असेल तर पंचेचाळीसच्या एका बसऐवजी सतरा आसनी दोन-तीन ट्रॅव्हलर घ्या. भाडं एकूण वाढतं, पण वळायला चौकाएवढी जागा पुरते. दुसरा आणि बहुतेकदा स्वस्त उपाय : मोठी बस वर सड्यावर किंवा तालुक्याच्या गावी ठेवा आणि शेवटचे तीन-चार किलोमीटर गावातल्या सहा आसनी रिक्षांनी करा. फोन करून दर आधी ठरवा, परतीची वेळही सांगा. पैसे गावात राहतात, आणि पुढच्या खेपेला तेच रिक्षावाले दादा तुम्हाला जागा धरून देतात.

ट्रॅव्हलर घेतल्या म्हणून वरच्या तपासण्या टळत नाहीत. लहान गाडी वाळूत रुतत नाही, हा समज चुकीचा आहे.

९. कायमची सोय

एकाच गावात दर वर्षी जात असाल तर सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत टिकाऊ उपाय करा. मोसमाआधी एकदा रिकाम्या हाताने गावात जा. सरपंचांना भेटा, ज्यांची सड्यावर जमीन आहे त्यांच्याशी बोला, दिवसाचं भाडं ठरवा, पंचायतीकडून लेखी घ्या. गटाची संख्या गावाला झेपेल एवढीच ठेवा. माझ्या मते अरुंद गावात एका वेळी एकच बस, दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी. एकाच सकाळी तीन बस नेऊन नंतर गावकरी नीट वागत नाहीत म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही.

थांबा : आता जाणकाराला बोलवा

इथून पुढे आपलं काम फक्त माणसं सुरक्षित ठेवण्याचं. धक्का मारणं, अंदाज लावणं बंद.

चाक रुतलं आणि दोनदा सावकाश प्रयत्न करूनही गाडी हलली नाही : ॲक्सिलरेटर सोडा. जितकी चाकं फिरतील तितकी ती खणत जातात. गावातला ट्रॅक्टर किंवा जेसीबी बोलवा. दोर कुठे बांधायचा हे ड्रायव्हर आणि जेसीबीवाले ठरवतील, बंपरला कधीच नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नये. तुटला तर तो माणसाचा पाय तोडतो.

रुतलेल्या गाडीकडे भरती येत असेल : सगळी माणसं आणि औषधं आधी वर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं. सपाट पुळणीवर दोन मीटर चढ म्हणजे पाणी शंभरेक मीटर आत. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं, त्यामुळे सुरुवातीच्या संथपणावर विसंबू नका. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा. खारं पाणी इंजिनपर्यंत पोचलं असेल तर नंतर गाडी चालू करून बघायची नाही, ती ओढूनच न्यायची.

विजेची तार गाडीला लागली किंवा गाडीवर पडली : सगळे आतच बसा, धातूला हात लावू नका, बाहेरच्यांना लांब ठेवा आणि महावितरणच्या १९१२ वर फोन करा. प्रवाह बंद केल्याचं त्यांनी सांगितल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. गाडीला आग लागली तरच उतरायचं, तेही गाडीला आणि जमिनीला एकदम स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारून, मग पाय न उचलता घसटत लांब.

एक चाक मोरीच्या किंवा साईडपट्टीच्या बाहेर गेलं आणि गाडी कलली : ज्या बाजूला कलली त्याच्या विरुद्ध बाजूने, एकेक करून, घाई न करता माणसं उतरवा. सामान राहू द्या. क्रेनशिवाय कोणी हात लावायचा नाही, ड्रायव्हरलाही आत ठेवू नका.

घाट उतरून आल्यावर ब्रेकला जळका वास येत असेल किंवा पेडल मऊ लागत असेल : गाडी सपाटीला लावून मेकॅनिकची वाट बघा. हवेचा दाब दाखवणारा काटा खाली असेल तर तेच. राहण्याची सोय मिळेपर्यंत गट देवळात बसेल, चालेल.

ड्रायव्हरला झोप आवरत नसेल : तोही बिघाडच आहे. मालकाला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवा किंवा मुक्काम वाढवा. गटातला "मला येते गाडी चालवता" म्हणणारा कोणीही त्या जागी बसणार नाही.

कोणाचा गडगा पडला, फांदी तुटली, होडीला धक्का लागला : निघून जाऊ नका. घरातल्या माणसाला हाक मारा, फोटो काढा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना बोलवा, त्यांच्यासमोर भरपाई ठरवून गाडीमालकाशी बोलणं करून द्या. जागेवर मिटलं नाही आणि आवाज चढू लागले, तर गट दूर पाठवा, तुम्ही थांबा आणि पोलिसांना येऊ द्या.